परक्या रानातले गाऱ्हाणे

आमच्या वाडीतून सड्यावरच्या रानात काजूच्या बिया गोळा करायला जाताना वाटेत राखणदाराचा, म्हणजे रान राखणाऱ्या देवाचा, दगड लागतो. जाणारा प्रत्येकजण तिथे हिरव्या पानांचा टाळा ठेवतो आणि मगच पुढे पाऊल टाकतो. रान त्याचे, त्याला विचारल्याशिवाय शिरायचे नाही.

मुलगा नैरोबीला रेल्वेत कारकून होता. सुनेच्या बाळंतपणासाठी मी आगबोटीने तिकडे गेले तेव्हा माझे केस पिकले होते. नातू झाला, त्याला न्हाऊमाखू घातले, सुनेला शेकशेगडी केली. बाळ मान धरू लागले तरी माझ्या परतीचे नाव कुणी काढीना. एकदा जेवताना मुलगा म्हणाला, मालवणचे घर आणि शेत चुलत्याकडे देऊ, तू एकटी तिथे काय करणार, आता इथेच राहा. मी मान डोलावली. मला बोलायला जमत नाही. माझे मालक हयात होते तेव्हा त्यांच्याशीही मी दाराआडूनच बोलायची.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. घडी घातलेले कपडे मोडून पुन्हा घडी घालायची. पावसाआधी छपराची नळ्यांची कौले कोणी परतली असतील का, मिरगाच्या पावसाला भाताचा तरवा कोण पेरणार, हेच डोक्यात. आईला करमत नाही असे सुनेला वाटले. म्हणून मुलाने मित्राची मोटर मागून आणली आणि आम्हा सगळ्यांना सिंह बघायला घेऊन निघाला.

मी मांडीवर नारळ घेऊन बसले होते. रानाच्या फाटकाशी उतरून तिथल्या राखणदाराला ठेवीन, असे मनात होते. पण आत कुठेही उतरायचे नाही म्हणून तिथल्या शिपायाने बजावले, मुलाने तिकिटे घेतली, आणि मी थांब म्हणेपर्यंत मोटर आत गेलीसुद्धा. पट्ट्यापट्ट्यांची घोडी दिसली, झाडाच्या शेंड्याचा पाला खाणारे जिराफ दिसले. सून बोट करून दाखवत होती. माझा हात नारळावरून निघत नव्हता.

एका झाडाखाली सिंहीण पिल्लांना घेऊन पडली होती. नीट बघता यावे म्हणून मुलाने इंजिन बंद केले. ते पुन्हा चालू होईना. जवळपास दुसरी मोटर नव्हती. काचा बंद, आत उकाडा, बाळ रडायला लागले. सिंहीण उठली आणि आमच्याकडे चालू लागली.

आमच्या गावात गाऱ्हाणे पुरुष घालतात. एकजण देवाला सांगतो, बाकीचे दर बोलाला होकार देतात. बाईने घातलेले मी कधी ऐकले नव्हते. पण माझे हात आपोआप जोडले गेले.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्यां रान तुजां. आमी न इचारता इलव, चुकी पदरात घे."

सून घाबरलेली, तरी म्हणाली, "आये, हंयच्या राखणदाराक मालवणी कळात?"

मुलगा मात्र चाकावर हात ठेवून समोर बघत पुटपुटला, "व्हय म्हाराजा."

"ह्या लेकरांक सुखरूप भायर काड."

"व्हय म्हाराजा." आता सूनही म्हणाली.

"आणि माका मिरगाच्या आदी माझ्या घराक पोचय."

"व्हय म्हाराजा," मुलगा म्हणाला, आणि मग मान वळवून माझ्याकडे बघत राहिला.

सिंहीण मोटरीच्या नाकासमोरून पलीकडच्या गवतात गेली. तिने आमच्याकडे ढुंकून पाहिले नाही. पुष्कळ वेळाने रानाच्या पहारेकऱ्यांची गाडी आली आणि त्यांनी दोर बांधून आम्हाला फाटकाबाहेर ओढून नेले. मी उतरून एका दगडाशी नारळ ठेवला. मुलगा मागे येऊन उभा राहिला.

"माका कित्याक नाय सांगलंस?"

मी नारळ दगडाला नीट टेकवला.

"आता मी व्हय म्हटलंय," तो म्हणाला. "त्येच्यासमोर म्हटलेला मागे घेवक येवचा नाय."

त्याने आगबोटीचे तिकीट काढले. मिरगाआधी मी घरी पोचले, तरवा माझ्या हातानेच पेरला. पण येताना आगबोटीवरही मला एका जागी बसवत नव्हते. सारखी उठून कठड्याशी जायची आणि आफ्रिकेच्या बाजूला बघायची. बाळाला आता अंगाला तेल कोण लावत असेल, ते चोळलेले त्याला सोसत असेल का, हेच डोक्यात.