साहेबांच्या श्वासाची रेघ

बंगळूरला बेळ्ळंदूरच्या आमच्या ऑफिसात छातीला बांधायचा पट्टा तयार होत होता. श्वासाची गती क्षणोक्षणी किती बदलते ते टिपून तो माणसावरचा ताण सांगायचा. चाचणीसाठी आम्हीच तो दिवसभर बांधून बसायचो आणि सगळ्यांच्या रेघा भिंतीवरच्या स्क्रीनवर दिसायच्या. माझे बाबा नागपूरला आयसीयूत होते, त्या आठवड्यात माझी रेघ सैरावैरा धावत होती. साहेबांना कारण ठाऊक होतं. तरी भर मीटिंगमध्ये ती रेघ दाखवून, हिचा श्वासच ठिकाणावर नाही, असं म्हणत त्यांनी मी उभं केलेलं काम स्वतःकडे घेतलं. समजून घ्यायची तसदी मात्र घेतली नाही. त्या दिवसापासून मी डूख धरून होते.

पुढे होसकोट्याच्या एका कारखान्याचे लोक पट्टा बघायला आले. क्रेन चालवणाऱ्यांसाठी त्यांना तो हवा होता. साहेब म्हणाले, मीच बांधतो. रोज प्राणायाम करत असल्याचा त्यांना भारी तोरा. सैरावैरा रेघ वाईट, तशी फार सरळही वाईटच. मोकळ्या श्वासात थोडे चढउतार असतातच. म्हणून पट्टा बांधणाऱ्याला, श्वास मोजू नका, असं आधी बजावावं लागतं. ते काम माझं होतं. मी पट्टा नीट बांधला आणि गप्प बसले.

साहेब डोळे मिटून मनात आकडे मोजू लागले. रेघ ताठ होत गेली आणि लाल झाली. कारखान्याच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, यांच्यावर एवढा कसला ताण आहे? साहेब माझ्याकडे वळले. एरवी माझ्याशी इंग्रजीच झाडणारा हा माणूस, कुणाला कळू नये म्हणून मराठीत म्हणाला, "अगं, सांग ना त्यांना, पट्टा सरकलाय म्हणून."

मी इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की पट्टा मी स्वतः बांधलाय आणि तो जागेवर आहे. काय गार वाटलं म्हणून सांगू.

मग ही रेघ समजावणार कोण, असं बाईंनी विचारलं. साहेबांना ते येत नव्हतं. मी उठले, स्क्रीनपाशी गेले आणि त्यांचा श्वास कुठे आवळला, कुठे अडला, ते बोट ठेवून सावकाश दाखवलं. यापुढे आम्ही यांच्याशीच बोलू, असं बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. साहेब खुर्चीत तसेच बसून होते. पट्टा केव्हाच सोडता आला असता. मी सोडला नाही.