आबांची रिकीब

आमच्या बेंबळीच्या दूध सोसायटीचे चेअरमन आबा समोरच्याचं बोलणं दातांनी ऐकायचे. काठीचं एक टोक स्वतःच्या दातांत धरायचं, दुसरं बोलणाऱ्याच्या हनुवटीला टेकवायचं आणि भुवया उडवायच्या. म्हणजे आता बोला. उत्तर द्यायला काठी काढावी लागे, म्हणून सभा लांबायच्या. दुष्काळानं दूध आटलं, सभा काही आटल्या नाहीत.

धाराशिवच्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं, की कानाच्या पडद्यामागं तांदळाएवढी हाडं असतात: हातोडी, ऐरण आणि घोडेस्वार पाय अडकवतो तसली रिकीब. पडदा थरथरला की हातोडी ऐरणीला हलवते, ऐरण रिकिबीला, आणि रिकीब आवाज आतल्या कानाला देते. आबांची रिकीब घट्ट बसली होती. डोक्याच्या हाडांतून मात्र आवाज अजून आत जात होता. आबांनी काठीची युक्ती तिथूनच काढली. शिवाय रिकीब गंजली असणार म्हणून महिनाभर कानात गोडं तेल ओतलं.

"कानात लोहार हाय, रिकीब हाय," ते मला सांगायचे, "घोडं तेवढं दुष्काळात इकलं आसंल, सेक्रेटरी."

एकदा चाऱ्याची पाहणी करायला साहेब आले. आबांनी काही न बोलता काठी त्यांच्या हनुवटीला लावली. साहेबांनी दोन्ही हात वर केले. चारा दुसऱ्याच दिवशी आला.

काठी लावून घ्यायला नकार होता तो फक्त काकूंचा. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही, म्हणून त्या आबांना 'ऐकलं का' अशीच हाक मारायच्या, आणि गाव पोट धरून हसायचं. काठीचं नाव काढलं की म्हणायच्या, "मी काय म्हस हाय? सुना बघत्यात."

"साऱ्या गावाचं ऐकू येतंय," आबा एकदा म्हणाले, "घरची हाक तेवढी ऱ्हायली." त्या दिवशी मला हसू आलं नाही.

माझी माकणीला बदली झाली तेव्हा दोघं मला यष्टीवर सोडायला आले. आबा रस्त्यातच उभे राहून, दातांत काठी धरून माझा निरोप ऐकत होते. मागून यष्टी आली. काकूंनी दोनदा हाक मारली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, आबा ढिम्म. शेवटी काकूंनी माझ्या हनुवटीची काठी ओढून स्वतःच्या हनुवटीला लावली.

"आवं, ऐकलं का? सरका, यष्टी आली."

आबांचे डोळे एकदम भरून आले. त्यांनी काठी तोंडातून काढली.

"न्हाय," ते म्हणाले, "परत म्हण." आणि पुन्हा दातांत धरली.

काकूंनी परत म्हटलं. आबांनी परत मान हलवली, न्हाय.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.