वाहिद मिस्त्रीचा राखेचा संडास

संडासाचा विषय निघाला की लोक नाकाला रुमाल लावतात आणि तेच लोक सकाळी डबा घेऊन खुशाल रस्त्याच्या कडेला बसतात, याचा मला जन्मभर राग आहे. मी पुसदला मुलींच्या शाळेत शिकवायची. आमच्या वरच्या वर्गातल्या मुली दिवसभर घोटभर पाणीही प्यायच्या नाहीत, कारण प्यायलं तर जायचं कुठे? हे मुख्याध्यापकांना सांगितलं की ते खिडकीबाहेर बघायला लागायचे. म्हणून शेजारचा वाहिद मिस्त्री संडासाच्या गोष्टी घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसायला लागला, तेव्हा सगळ्या गल्लीने नाकं मुरडली तरी मी त्याला चहा करून द्यायची.

वाहिद मोठा बढाईखोर गवंडी होता. कानावर पेन्सिल, खिशात ओळंबा आणि तोंडात स्वतःचं कौतुक. "कुंदाबाई, माह्या हातची भिंत पाह्यली की ओळंब्याले बी लाज वाटते," असं तो न लाजता सांगायचा. त्याने बसवलेली फरशी वाकडी निघाली तर दोष फरशीच्या कारखान्याचा, गिलावा फुगला तर वाळूचा. वाहिदचं कधी काही चुकलं नाही, हे आम्हा शेजाऱ्यांना पाठ झालं होतं. त्याची बायको हुस्नाबी आतून ओरडायची, "हो, हो, ताजमहाल बी तुम्हीच बांधला!" आणि तोही हसायचा.

एकच गोष्ट होती जिच्याबद्दल तो बढाई मारत नसे. त्यांचं घर गल्लीच्या सखल टोकाला होतं. घरामागे त्याने स्वतःच्या हाताने संडासाचा खड्डा खणला होता, हापशीपासून थोड्याच अंतरावर. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते, जिरवत नाही. एका पावसाळ्यात झड लागली, खड्डा वरपर्यंत भरला, उतू गेला आणि हापशीचं पाणी नासलं. गल्लीत गॅस्ट्रोची साथ आली. वाहिदचा धाकटा, इम्तियाज, माझ्या ओट्यावर गोट्या खेळणारं पोर, दोन दिवसांत गेलं. लोकांनी पावसाला नावं ठेवली. वाहिदला कोणी एका शब्दाने बोललं नाही. त्याने तो खड्डा मुरूम टाकून बुजवला आणि त्यानंतर कोणाच्याही घरी संडासाचा खड्डा खणला नाही. कामाला बोलावलं की म्हणायचा, भिंती सांगा, ओटे सांगा, खड्डा सोडून काहीही सांगा.

पुढे एका संस्थेने गवंड्यांचं शिबिर घेतलं. तिथून वाहिद परत आला तो थेट माझ्या घरी. माझे जेवणाचे दोन डबे मागून घेतले आणि ओट्यावर मांडले.

"हे दोन कप्पे, कुंदाबाई. जमिनीच्या वर, खाली नाई. खड्डाच नाई! हा डबा चालू, हा बंद. बसून झालं की वरून मूठभर राख टाकायची. धुण्याचं पाणी दुसऱ्या नळीनं बाहीर, केळीच्या बुडाशी. हा भरला की बंद करायचा अन् तो चालू. वर्षभर बंद राह्यला की आतमंदी माती होते. निव्वळ माती! वास नाई, किडा नाई, वावरात टाका."

"माझा डबा मात्र मला परत नको," मी म्हटलं. तो खदखदून हसला. पोर गेल्यानंतर त्याला असं हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. पाण्यात काही जाणार नाही, पाऊस कितीही पडला तरी उतू जाणार नाही. त्याला काय सापडलं होतं ते मला कळलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

संस्थेने नमुन्याचा एक संडास बांधायचं ठरवलं. पुसदपासून जवळच्याच एका बंजारा तांड्यावर. तिथे रुपीबाई आणि तिची सून पंचफुला दोघीच राहत. रुपीबाईचा मुलगा भावसिंग ऊसतोडीला गेला होता, तिकडे उसाची ट्रॉली उलटून मेला. पंचफुला माहेरी गेली नाही. सासूजवळ राहिली आणि कापसाचं वावर एकटीने करू लागली. रुपीबाईचे गुडघे गेलेले, तिला नाल्यातल्या बाभळींपर्यंत चालवत नव्हतं. तांड्याचा नायक देवसिंग म्हणाला, "म्हातारीसाठी बांध. वर्षानं माह्यासमोर उघड. माती निघाली त साऱ्या तांड्यात बांधू. नाई निघाली त तुहं सामान उचल." संस्थेचे साहेबही म्हणाले की माती निघाली तर आसपासच्या सगळ्या तांड्यांसाठी मदत मिळेल. वाहिदला एवढंच पाहिजे होतं. त्या वर्षात त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

तांड्यावर राखेला तोटा नाही. चुलीत कापसाची वाळकी पऱ्हाटी जळते, राखेचे ढीग पडतात. पहिला कप्पा कापसाच्या एका हंगामात भरला. वाहिदने मागचं दार विटांनी बंद केलं आणि दुसरा चालू करून दिला. मग वर्षभर तो बाजाराच्या दिवशी तांड्यावर जायचा, बंद कप्प्यावर हात ठेवायचा आणि विचारायचा, "राख टाकता ना, याडी?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. रुपीबाई म्हणायची, "टाकतो ना, बापा. दोघी बी टाकतो." ते खरंच होतं.

ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. पेपर उघडला की यवतमाळ जिल्ह्याचं नाव, आणि बातमी एकाच प्रकारची. कापसाच्या आमच्या मुलखात फवारणीच्या विषाला औषध म्हणतात. ते घरोघर असायचं, आढ्याला टांगलेलं, नाहीतर कोठीच्या मागे ठेवलेलं, कारण फवारल्याशिवाय बोंड हाती लागत नव्हतं. पेपर वाचून मी घडी करून ठेवून द्यायची. वाचवत नव्हतं.

माघात, वेचणी संपल्यावर, कप्पा उघडायचा दिवस आला. वाहिदने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, अत्तर लावलं. हुस्नाबीला आणि मला त्याने आग्रहाने जीपमध्ये बसवलं. "पयली मूठ तुमच्या हातात देतो, कुंदाबाई. वास घेऊन सांगा सगळ्याइले." तांडा गोळा झाला होता. नायक खाटेवर, साहेब खुर्चीवर, बाया घुंगट ओढून मागे. पंचफुला एका बाजूला उभी होती. हात छातीशी बांधलेले, नजर कुठेच नाही. रुपीबाई घराच्या भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

वाहिदने विटा काढल्या आणि घाण अशी अंगावर आली की साहेब खुर्ची सोडून पळाले. पोरं ओरडत सुटली. नायक थुंकला. आत सगळं जसंच्या तसं होतं, ओलं, काळपट, वर राखेची साय. माती कुठेच नव्हती.

वाहिद मात्र जागचा हलला नाही. उकिडवा बसला, थापीने थर बाजूला केला, वाकून पाहिलं. मीही नाक दाबून दोन पावलं पुढे गेले होते. त्या घाणीत एक अळी नव्हती, एक माशी नव्हती. काहीच जिवंत नव्हतं. आणि खालच्या थरात दुधासारखं पांढुरकं पाणी साचलं होतं. त्याला एक वेगळाच उग्र वास होता. तो वास पावसाळ्यात आमच्या शाळेच्या खिडक्यांतून येतो, बाजूच्या वावरांत फवारणी चालू असली की. वाहिदने मान वर करून रुपीबाईकडे पाहिलं. ती कशीबशी उठली आणि हाताने त्याला घरामागे बोलावलं.

ती त्याच्या हातावर पाणी घालत काय बोलली, ते मला नंतर हुस्नाबीने सांगितलं. रुपीबाई आता नाही, म्हणून लिहिते.

भावसिंग गेला त्या वर्षी एका दुपारी रुपीबाई शेजारून घरी आली, तर पंचफुला औषधाचा डबा समोर घेऊन बसलेली होती. झाकण उघडं. रडत नव्हती, काही नाही, नुसती पाहत होती. रुपीबाईने डबा उचलला आणि त्या दिवसापासून फवारणीनंतर जे काही उरेल, डब्यातलं, पंपातलं, पंप धुतलेलं पाणीसुद्धा, ती सुनेच्या नजरेआड ओतून टाकत आली, संडास झाल्यावर त्यातच. आधी तिने ते उकिरड्यावर ओतलं होतं, तर कोंबड्या मेल्या. नाल्यावर गुरं पाणी पितात. विहीर साऱ्या तांड्याची. राहिला तो संडासाचा चालू कप्पा. वर मूठभर राख टाकली की झालं.

"डॉक्टरकडे न्या ना पोरीले," वाहिद म्हणाला.

"नेलं. टॉनिक देल्लं त्यानं," रुपीबाई म्हणाली. "मिस्त्री, तुह्या पाया पडतो, हे नायकासमोर बोलू नको. हे तांड्याच्या तोंडी गेलं त आजच जिवाचं बरंवाईट करून टाकीन पोरगी."

वाहिद परत आला तेव्हा देवसिंग खाटेवरून उठला होता. "काहून, मिस्त्री? हे माती व्हय काय?"

"माहीच चूक झाली," वाहिद म्हणाला. "कप्प्यात पाणी झिरपलं. बांधकाम चुकलं माह्यं."

आयुष्यात एक फरशी वाकडी बसल्याचं कबूल न केलेला माणूस. हुस्नाबीने माझा हात घट्ट धरला. साहेब रुमालातून म्हणाले की हा प्रयोग फसला असंच वर कळवावं लागेल. कोणीतरी मागून टोमणा मारला, तांडा हसला. पंचफुला हसली नाही. रुपीबाईही नाही. मला तेव्हा काही माहीत नव्हतं, आणि मला वाहिदचाच राग आला होता, की एवढ्या बढाया मारून साधं पाणी आत जाऊ दिलं.

नायकाने शब्द पाळला. संडास बुजवून टाकायला सांगितलं, तेही वाहिदलाच. दोन्ही कप्प्यांत मुरूम भरून वर कोबा करायचं काम चाललं होतं, तेव्हा रुपीबाई काठी टेकत आली. पदराखाली डबा होता, गेल्या हंगामातला उरलेला.

"मंग आता हे कुठी ओतू, मिस्त्री?"

वाहिदने थापी खाली ठेवली. त्याने तो डबा पिशवीत घातला आणि घरी आणला. पुढच्या हंगामातही तो फवारणी झाली की तांड्यावर जायचा, रुपीबाईकडून उरलंसुरलं घ्यायचा आणि घरामागे, जिथे एकेकाळी खड्डा होता, तिथल्या लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवायचा. तेही ओतायला त्याला जागा सापडली नाही. सखल गल्ली, पुढे हापशी. या गोष्टी तो कधी विसरला नाही.

पंचफुला जगली. हळूहळू बोलायला लागली, एकदा तर तिने वाहिदला चहासुद्धा दिला, असं हुस्नाबी सांगत होती. मी म्हटलं, चला, एवढं तरी झालं.

पण वाहिदचं बोलणं संपलं. गावात त्याला हागणदारी मिस्त्री म्हणायला लागले. ज्याने स्वतःच्या तोंडाने बांधकाम चुकल्याचं सांगितलं, त्याला भिंत कोण देणार? सरकारी संडास आले ते खड्ड्यांचे, काळ्या मातीत खणलेले. पावसाळ्यात ते भरले की लोक परत डबा घेऊन नाल्यावर जात आणि संडासात पऱ्हाटी रचून ठेवत. वाहिद ते रस्त्याने जाता-येता पाहायचा. ओट्यावर बसायचा, पण माझ्या नाही, स्वतःच्या. कानावरची पेन्सिल कधी गेली ते मला कळलंही नाही. "तुमचा ओळंबा कुठे आहे?" मी एकदा चिडवायला विचारलं. त्याने मान हलवली. मला फार वाईट वाटलं. हा माणूस बडबडत होता तेव्हा मी किती वेळा कंटाळले होते.

परवा त्यांची वाटी परत करायला गेले, तर मागच्या पेटीला नवीन कुलूप दिसलं. जुन्याची किल्ली वाहिदच्या सदऱ्याच्या खिशात असायची. या नव्या कुलपाची किल्ली हुस्नाबीच्या कमरेला होती.

"कुलूप कशाला बदललंस गं?" मी विचारलं. "तुझी लेक फिजा सासरी. घरात लहान लेकरू तर कोणी नाही."

हुस्नाबी ओट्याकडे पाहत राहिली. वाहिद तिकडे भिंतीला पाठ लावून बसला होता.

"रुपीबाईनं आमच्या ह्याइले सांगितलं होतं ना, सून डबा समोर घेऊन बसली तवा तिचं तोंड कसं होतं," ती म्हणाली. "काल पेटी उघडी होती, अन् हे समोर बसून. तसंच तोंड पाह्यलं मी, कुंदाबाई."

वाहिदने ऐकलं असणार, तो काही लांब नव्हता. त्याने वर पाहिलं नाही.

"मंग आता हे मी कुठी ओतू?" हुस्नाबीने मला विचारलं.

  वाटी तिच्या हातात दिली आणि मी तिथेच त्या पेटीशेजारी बसून राहिले.