पियानोवरचा हुंकार

सुमन, माझी पत्नी, श्रावणात गेली. त्या दिवसापासून तिच्या भावाने पियानो उघडला नाही.

या माझ्या मेहुण्यांइतक्या मोठ्याने माया करणारा माणूस कोल्हापुरात दुसरा नसेल. धंदा शेतीपंपांच्या दुरुस्तीचा; पण पुरानंतर शिरोळला कुणीतरी भिजलेला पियानो टाकून द्यायला काढला, तो यांनी पंपांबरोबर टेम्पोत घालून आणला आणि पेठेतल्या तालमीच्या वरच्या हॉलमध्ये पैलवानांकरवी चढवला. खालच्या पट्ट्या फुगल्या होत्या, दाबल्या की वर यायला वेळ लावायच्या. त्या त्यांनी सुमनच्या गोष्टीतल्या राक्षसाला देऊन टाकल्या. म्हणायचे, "त्यो दमानंच चालतो." महिन्यातल्या एका रविवारी सुमन तिथे मुलांना राजकन्येची गोष्ट सांगायची आणि मेहुणे साथ करायचे. साथ कसली, वादच. राक्षसाला त्यांनी इतकी गोड चाल लावली होती, की राजकन्येने तलवार उपसली की मुलं तिच्यावरच चिडायची. "दादा, मरू दे की आता त्याला," सुमन म्हणायची. "का? त्यानं तुझं काय खाल्लंय?" असं म्हणून ते तीच चाल पुन्हा धरायचे. राक्षस एकदाही मेला नाही. ऐकणाऱ्याने दर वाक्याला 'हुं' म्हणायचं असतं, तो हुंकारही ते पियानोवरच द्यायचे, एकाच सुराचा.

दिवाळीपर्यंत हॉल बंद राहिला. मुलं दुकानात येऊन विचारू लागली, तेव्हा त्यांनी एका शिक्षिकेला गोष्ट सांगायला बोलावलं. अर्ध्या तासात पियानो मिटला आणि मेहुणे थेट माझ्या दारात.

"आवाज भारी हाय बाईंचा. पर हुंकाराला थांबत न्हाईत. दाजी, आता तुमीच सांगा."

मी म्हटलं, "माझा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही."

"ठाऊक हाय. पर दोन वाक्यांच्या मधी तुमी एवढं थांबता, की समोरचा चहा पिऊन येईल. मला तेवढंच पायजे. न्हाईतर पियानो भंगारात घालतो."

ते खरंच घालतील, हे मला माहीत होतं. म्हणून पुढच्या रविवारी मी सुमनची गोष्टीची वही घेऊन उभा राहिलो. दुसऱ्याच वाक्याला मागून कुणाची तरी आई म्हणाली, "पावणं, काय बी ऐकू येत न्हाय." मेहुणे वाजवायचे थांबले. "मग म्होरं या की. खुर्चीला चिकटलाय व्हय?" खुर्च्या सरकल्या, माणसं पुढे येऊन जमिनीवर बसली, मुलं पियानोखाली शिरली. राजकन्या घरच्यांचा निरोप घेते, तिथे माझे शब्द अडले. मेहुण्यांनी हुंकार दिला. थोड्या वेळाने पुन्हा दिला. मान वर केली नाही, घाईही केली नाही. तिसऱ्या हुंकारानंतर मी पुढचं वाक्य वाचलं.

आता दर महिन्याला ते वाजवतात आणि मी सांगतो. माझा आवाज तेवढाच आहे. लोक जवळ बसतात.