तोंड लावून प्यालेलं पाणी

आधी नाव शेफालीदीचं. बाकीचं मग.

शेफालीदी दवाखान्यातली आया. कॅन्सरच्या वॉर्डात फरशी पुसायची, चादरी बदलायची, पेशंटांची तोंडं धुवायची. फाळणीत आईच्या कडेवर बसून सीमेपलीकडून आलेली. माझी कोणी लागत नाही. तिची भाषा मला अर्धी कळायची, माझी तिला अजिबात नाही. पण घशाच्या कॅन्सरवर कोबाल्टचे, म्हणजे किरणांचे, शेक दिल्यावर थेंबसुद्धा गळ्याखाली उतरेना, तेव्हा घोट कसा घ्यायचा ते तिनं मला शिकवलं. चौतीस वर्षांच्या बाप्याला. हनुवटी छातीला टेकव. थोडंसं पाणी तोंडात घे. थांब. मग गिळ. एका घोटाला ती माझ्यापाशी पाच-पाच मिनिटं उभी राहायची.

आता काय झालं ते सांगतो.

बांगलादेशची लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षीची दिवाळी. फराळाचा रविवार, सकाळची वेळ. कलकत्त्यात बालीगंजच्या बाजूला आमच्या मराठी मंडळाची इमारत. खाली हॉल, वर पाहुण्यांच्या खोल्या, जिन्याखाली मी. मंडळाचा गडी. सतरंज्या घाल, खुर्च्या मांड, घरोघर पत्रकं पोचव, कार्यक्रम संपला की झाड.

शेक संपून दीड महिना झाला होता. चार खुर्च्या उचलल्या की बसावं लागायचं, आणि बसलं की उठवत नव्हतं. हा थकवा झोपून जात नाही. रात्रभर झोपलो तरी सकाळी अंगात ओली वाळू भरल्यासारखी. मान भाजून काळी पडलेली. भात खाल्ला काय नि भुसा खाल्ला काय, चव एकच. आणि तोंडात लाळ नाही. शेकांनी लाळ आटते. जीभ टाळूला चिकटते, सोडवताना साल निघाल्यासारखं होतं. दर पाच-दहा मिनिटांनी घोटभर पाणी हवंच. नाहीतर आतल्या जखमा भरायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हणून मी टेबलावरचा भरलेला पेला उचलला. कोपऱ्यात गेलो. हनुवटी खाली केली आणि पेल्याला तोंड लावलं.

"अरे, अरे, अरे! तोंड लावलंस?"

मंडळाच्या चिटणीसांची बायको. सगळे त्यांना वहिनी म्हणायचे, मीही. हातात चकल्यांचं ताट.

"वहिनी, घसा..." मी म्हणालो. आवाज नव्हताच. नुसती हवा.

"काय म्हणतोय तो?"

"काही नाही हो," मागून कोणीतरी. "वरून पी म्हणावं. सगळे वरूनच पितात."

खरं होतं ते. मंडळात सगळे वरूनच प्यायचे, ओठ न लावता, धार धरून. आठ वर्षं मीही. म्हणून त्यात मला कधी काही वाटलंच नव्हतं. मान मागे गेली की पाणी भलत्या नळीत जातं, हे आता मला ठाऊक होतं. तरी मी मान मागे केली. साठ माणसं बघत होती. नाही कसं म्हणणार?

पाणी नाकातून आलं. ठसका लागला, थांबेना. घशातला चिकट बेडका सुटला आणि थेट चकल्यांच्या ताटात.

ताट पडलं. एक मुलगी "ई गं आई" म्हणाली. कोणीतरी हसलं. मी गुडघ्यांवर बसून चकल्या वेचायला लागलो.

"राहू दे! हात लावू नकोस," वहिनी म्हणाल्या. पदर नाकाला लावून म्हणाल्या.

चिटणीस मात्र भला माणूस. हे लिहिलंच पाहिजे. माझा आवाज बसला तेव्हा त्यांनीच ओळखीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. पहिल्या दिवशी स्वतः माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले. ऑफिसर माणूस, माझ्यासाठी रांगेत! फराळाच्या त्या रविवारी त्यांनी मला बाजूला घेतलं. "वाईट वाटून घेऊ नकोस. आजार असा आहे. इथे लहान मुलं येतात." दुसऱ्या दिवशी टोपलीभर भाँड आणवले. भाँड म्हणजे चहावाल्याकडची मातीची पेली. "यात पी. तोंड लावून पी, तुला हवं तसं. झालं की मागच्या गल्लीत फोड. रोजचे आठ काढून ठेवत जा."

"उपकार झाले, साहेब," मी म्हणालो.

मनापासून म्हणालो. त्याचीच आज लाज वाटते.

कलकत्त्यात भाँड कोण फोडत नाही? सगळं शहर चहा पिऊन भाँड रस्त्यावर टाकतं. मग आपलंच काय? असं मी मला समजावत होतो. मागच्या गल्लीत जायचं, भिंतीवर आपटायचं, परत यायचं. एकदा न फोडता तोच दुसऱ्यांदा भरला, तर वहिनींनी खिडकीतून पाहिलं. "फोड ना रे! आळस कसला?" तेव्हापासून आठ म्हणजे आठ. एवढीशी पेली, दोन घोटांची. सकाळी तीन, दुपारी तीन, संध्याकाळी दोन. मधल्या वेळात तोंड मिटून बसायचं. तहान लागली की पंख्याखालून उठून जायचं, वाऱ्यानं तोंड जास्त सुकतं. हे मी शोधून काढलेले उपाय. पाणी मागावं हा उपाय मला सुचला नाही.

मी भंडाऱ्याकडचा. सातवीत शाळा सुटली. नागपूरला एका साहेबांकडे वरकामाला लागलो, त्यांची बदली कलकत्त्याला झाली, त्यांनी मला सोबत आणलं. पुढं त्यांची दिल्लीला बदली झाली. पलंग नेला, कपाट नेलं, शिवणयंत्र नेलं. मला मंडळाला देऊन गेले. जाताना म्हणाले, "आपल्या माणसांत आहेस, काळजी नाही." खरंच वाटलं मला. आपली माणसं, आपली भाषा. पिण्याचं पाणी भरायला मंडळात दुसरा माणूस यायचा, मला सांगत नसत. मला वाटायचं, आपलं काम हलकं करतात. मी घासलेल्या भांड्यांवर वहिनी परत पाणी फिरवून घेत. मला वाटायचं, राख राहात असेल. पंगतीनंतर मागच्या पायरीवर पान मिळायचं. वाटायचं, शांतपणे जेवता येतं.

आठ वर्षं मला असंच वाटत राहिलं.

महिन्याच्या तपासणीला गेलो. शेफालीदीनं माझी जीभ बघितली. भेगा पडून पांढरी झालेली.

"कोतो जोल खाओ, दादा?" पाणी किती पितोस?

मी आठ बोटं दाखवली.

"आठ बालती?" आठ बादल्या? ती हसली. "हाथी है क्या तुम?"

मी पिशवीतून भाँड काढून दाखवला. हा. असे आठ. तिचं हसू गेलं. तिनं भाँड हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला. मग एकच शब्द.

"केनो?"

का? आजार आहे म्हणून, असं सांगावं तर ती त्याच आजारात सकाळ-संध्याकाळ हात घालत होती. तिला काही झालं नव्हतं.

तोंड फार सुकलं होतं. मी सिस्टरांच्या टेबलाकडे बोट केलं. तिथं सुरई होती आणि काचेचा ग्लास. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, ग्लास भरला, माझ्या हातात दिला. मी तोंड लावून सगळा प्यालो. दुसरा दिला. तोही प्यालो. तिसरा हातात असताना मेट्रन आत आली.

"स्टाफ का गिलास पेशंट को? किसने दिया?"

"मैंने," शेफालीदी म्हणाली.

मेट्रननं मला विचारलं, "माँगा था तुमने?"

मागितलं होतं. खुणेनं का होईना, मीच मागितलं होतं. पण मेट्रनच्या हातात माझं कार्ड होतं. कार्डाशिवाय तपासणी नाही. तपासणी नाही तर मी संपलो. मी मान हलवली.

नाही.

शेफालीदी माझ्याकडे बघत होती.

पुढच्या महिन्याला गेलो तर ती वॉर्डात नव्हती. शिक्षा म्हणून तळघरात, घाण कपड्यांच्या हौदावर कामाला टाकली होती. शोधत गेलो. कोपरापर्यंत सोड्याच्या पाण्यात हात. मला बघून म्हणाली, "थुतनी नीचे रखते हो ना, दादा?" हनुवटी खाली धरतोस ना? बस. एवढंच. मला तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तळघरातून मी चालतच निघालो. ट्राममध्ये चढायचं बळ नव्हतं. तीनदा फुटपाथवर बसलो.

त्याच आठवड्यात कार्यकारिणीची बैठक होती. बैठक झाली आणि मी मोरीत पेले घासायला बसलो. अध्यक्ष अण्णांचा पेला हातात आला. अण्णांच्या अंगावरून वर्षापूर्वी वारं गेलेलं. तोंड वाकडं. त्यांनाही वरून पिता येत नाही. दोन्ही हातांनी पेला धरतात, तोंड लावतात, अर्धं पाणी लाळेसकट पेल्यात परत येतं. शेजारचा रुमालानं त्यांची हनुवटी पुसतो. काही वावगं नाही, म्हातारा माणूस, आजारी. तो पेला मी घासतो. वहिनी वरून पाणी फिरवतात. तो फळीवर जातो. पुढच्या रविवारी त्यातूनच सगळे पितात.

घासता घासता माझा हात थांबला.

अण्णांना गिळता येत नाही. मलाही येत नाही. अण्णांना पेला. मला भाँड. वहिनी पाणी कशावर फिरवत होत्या? अण्णांच्या लाळेवर नाही. माझ्या हातावर.

आमच्या वस्तीनं धर्म बदलला तेव्हा मी अठराचा होतो. तोवर पाटलाच्या विहिरीवर आम्ही ओंजळ धरायचो आणि वरून कोणी ओतलं तर प्यायचो. त्या दिवशी बाप म्हणाला, "आता ओंजळ धरायची नाही." बाप मेला, पण पुन्हा धरली नाही त्यानं. आणि मी हजार मैल लांब येऊन टोपलीतले भाँड काढत होतो. वर उपकार मानत होतो.

पुढच्या बैठकीत माझाच विषय होता. काम झेपत नाही, गावी पाठवावं. गावी दवाखाना नाही. तपासणी चुकली आणि गाठ परत आली तर कळायचंही नाही. चिटणीस आधी जिन्याखाली येऊन गेले. "मी बोलतो. राहू देतील. तू फक्त आत ये, सगळ्यांचे आभार मान, आणि इथून पुढे हॉलमध्ये यायचं नाही, भाँड चुकवायचा नाही, एवढं कबूल कर. जमेल ना?"

जमलं असतं. जन्मभर तेच तर केलं होतं.

मी आत गेलो. अकरा जण बसलेले. चिटणीस म्हणाले, "बोल, बोल. सावकाश बोल."

मी टेबलावरचा पेला उचलला. हनुवटी खाली केली. तोंड लावलं. एक घोट. थांबलो. दुसरा. थांबलो. घाई केली नाही. पेला रिकामा होईपर्यंत कोणी हललं नाही. मग मोरीत गेलो, राखेनं घासला, विसळला, आणि परत आत येऊन फळीवर इतर पेल्यांच्या रांगेत मधोमध ठेवला.

"काढ! काढ तो तिथनं!" वहिनी दारातून ओरडल्या.

मी फळीसमोर उभा राहिलो. भीती होतीच, थकवाही होता. पण हललो नाही.

अण्णांचे शब्द कधी नीट कळत नाहीत. त्या दिवशी कळले. वाकड्या तोंडातून एकेक करून आले.

"हाक...ला... त्याला."

चिटणीसांचे डोळे भरले होते. "अरे, तुझ्यासाठी आम्ही काय नाही केलं?"

"सगळं केलंत, साहेब," मी म्हणालो. हवेसारखा आवाज. चिटणीसांना ऐकू गेला, बाकीच्यांना नाही. "पाणी तेवढं दिलं नाहीत."

त्याच दुपारी पिशवी घेऊन निघालो.

आता सियालदहच्या बाजारामागे एका पडवीत राहतो. बटाट्याच्या पोत्यांवर राखण करतो. चोर आला तर ओरडता येत नाही, म्हणून पत्र्याचा डबा बडवतो. हमाल हसतात, मला "बोबा-बाबू" म्हणतात. मुका बाबू. आवाज आला नाही, येणार नाही. चार दात आपोआप पडले. दिवसातले बारा-बारा तास झोपतो आणि थकलेलाच उठतो. मागच्या तपासणीला डॉक्टरांची बोटं जबड्याखाली एका जागी थांबली. परत त्याच जागी आली. "देखते हैं," म्हणाले. गावी मी काही कळवलेलं नाही.

मंडळात मी ताठ उभा राहिलो, हे खरं. पण त्याआधी दवाखान्यात मान हलवली, हेही खरं. पहिलं केल्यानं दुसरं पुसलं जात नाही. शेफालीदी अजून तळघरातच आहे. सोड्यानं तिची बोटं फाटलीत.

येत्या गुरुवारी तपासणी आहे. कार्ड घ्यायच्या आधी मी मेट्रनच्या दारात उभा राहणार. बाजारातल्या एका लिहिणाऱ्याकडून चार ओळी बंगालीत लिहून घेतल्यात. पाणी मी मागितलं होतं. शेफालीदीनं मी मागितलं म्हणून दिलं. तेव्हा मी खोटं बोललो. शिक्षा तिला नको, मला द्या. तो कागद मेट्रन फाडेल. माझं कार्डही फाडेल कदाचित. तिला वॉर्ड परत मिळणार नाही, एवढं मला कळतं.

तर मग परत जाईन. दुसरा कागद घेऊन, तिसरा घेऊन. तो तिथं ऐकला जाईपर्यंत जाईन. शेफालीदी, तुझं हे देणं माझ्यावर आहे. ते फेडल्याशिवाय मी मरत नाही.