झुंबरबाईला किती सुटतं?

वाटूरच्या आठवडी बाजारात मी गुळाच्या ढेपा बघत बघत उलटा चाललो होतो. पुढं बघून चालावं हे मी शाळेत पोरांना शिकवायचो. स्वतः करून बघायचं राहून गेलं होतं. मागं झुंबरबाई कासारीण हारा, म्हणजे बांगड्यांची मोठी टोपली, मांडून बसली होती आणि माझी टाच नेमकी त्या हाऱ्यात उतरली. खळ्ळकन आवाज झाला. झाला तो झाला, वर मी ओरडलो, "अरेरे, फुटल्या की हो बांगड्या!"

हारा सोडून सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. बांगडी फुटली असं कुणी म्हणतं का? सौभाग्याची वस्तू ती. ती वाढते, वाढवतात. दुकानदारही दिवे लागले की दुकान बंद करत नाही, वाढवतो. हे मी पोरांना फळ्यावर लिहून दिलेलं होतं.

"वाढवल्या म्हणा, मास्तर," झुंबरबाई म्हणाली. "आन् पाय जल्दी काढा, काच घुसंल."

मी पाय काढला. माझ्या वहाणेचा अंगठा तुटून हाऱ्यातच राहिला. ओशाळलेला माणूस भलतंच बोलतो. भरपाई किती द्यावी याचा अंदाज घ्यायला मी चांगल्या खणखणीत, वर्गातल्या आवाजात विचारलं, "झुंबरबाई, तुम्हाला एका बाजारात सुटतं तरी किती?"

गुळवाल्याची तागडी अधांतरी थांबली. अख्ख्या वाटूरला या प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

"बसा मास्तर, पाणी प्या," ती म्हणाली आणि काचा वेचायला लागली.

तेव्हा आपल्याकडे कमाई विचारणं हे तब्येत विचारण्यासारखंच होतं. गाव कोणतं, लेकरं किती, पगार किती, आणि मग आवाज खाली आणून, "वर काही?" मी तर सगळ्यांना सांगून टाकायचो, हाली रुपयांत किती आणि कलदारात किती, तेसुद्धा. निजामाचा रुपया हाली, इंग्रजाचा कलदार. कलदारात सांगितलं की आकडा जरा बारीक व्हायचा, मला वाईट वाटायचं, तरी सांगायचो.

झुंबरबाईनं कधी कुणाला आकडा सांगितला नाही, आणि "सांगत नाही" असंही कधी म्हटलं नाही. बायकांचं सोपं होतं. विचारणारीचा हात तिच्याच हातात असायचा. "किती सुटतं गं?" असं कुणी म्हटलं, की ती अंगठ्याचं मूळ थोडं जास्त दाबायची. "आई गं!" "दुखलं का माय? हात सैल सोड." तोवर बांगडी मनगटात गेलेली असायची आणि प्रश्न हवेत. पुरुष मात्र बांगड्या भरत नाहीत ही तिची अडचण. मग पाटलांना, "मालक, तुमच्या लेकीसुनांचे हात भरले, मला पोचलं." शेठजींना, "हाली सांगू का कलदार?" शेठजी हालीचे कलदार करताना लागणाऱ्या बट्ट्याचा भाव मनात मांडेपर्यंत ही हारा डोक्यावर घेऊन पुढच्या गल्लीत. एका जागी ती टिकायचीच नाही. आज वाटूर, उद्या परतूर. बसली तरी दोऱ्यात ओवलेल्या बांगड्यांच्या माळा या बोटावरून त्या बोटावर चालूच. तिच्याशी बोलताना आपलेच हात शिवशिवायला लागायचे.

या धावपळीमागं कारण होतं. नवरा मच्छिंद्र हैदराबादेला भांड्यांच्या दुकानात. ही लेकीला घेऊन थोरल्या दिराच्या, रामरावच्या घरात. रामराव पारावर बसून ज्याला त्याला सांगायचा, "बरं सुटत असंल तर हारा माझा पोरगा घेईल डोक्यावर, बाईमाणसाला कशाला तरास? आन् सुटतच नसंल तर मंग हिंडती कशाला? घरी बस म्हणा." म्हणजे आकडा मोठा सांगा, हारा जातो. लहान सांगा, हारा जातो. आणि हारा गेला की झुंबरबाईला आयुष्यभर रामरावच्या चुलीपुढं बसणं आलं. बांगड्या भरता भरता हे तिनं माझ्या बायकोला, शरयूला सांगितलं होतं. शरयूनं मला. मी त्यातलं निम्मं ऐकलं होतं.

उन्हं कलली तसा रामराव शाळेच्या ओट्यावर आला.

"मास्तर, तुमी विचारलं म्हणं तिला. काय बोलली?"

"पाणी प्या म्हणाली."

"सरकारी माणसाला असं बोलती? चला बरं घरी. मी हाय संगं."

थोरल्या दिराशी ती समोरासमोर बोलत नसे. तो रीतीनं ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसला, ती दाराआड उभी, आणि मधे मी. दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं.

"विचारा तिला, धंदा कसा चालून राह्यला."

"झुंबरबाई, धंदा कसा..."

"वाढवला," दाराआडून उत्तर आलं.

रामराव मांडीवर थाप मारून म्हणाला, "वाढवला! मी म्हणत नव्हतो? विचारा, कुणी वाढवला."

"मास्तरांनी."

रामराव माझ्याकडे वळला. "तुमी? तुमी पैशे घातले हिच्या धंद्यात?"

"पैसे नाही हो, पाय घातला."

"पाय घातला म्हंजे? भागीत?"

मी सगळं नीट उलगडून सांगायला तोंड उघडलं. दाराआड तिच्या हातातल्या बांगड्या एकदम खळखळल्या, आणि शरयूनं सांगितलेलं उरलेलं निम्मं मला तिथं ऐकू आलं: नफा सांगा की तोटा, हारा जातो.

"म्हणजे... त्या हाऱ्यात माझं थोडंफार अडकलेलं आहे, रामराव," मी म्हणालो. वहाणेचा अंगठा तिथंच होता, तेव्हा खोटं त्यात काही नव्हतं.

"मंग माझ्या पोराच्या डोक्यावर..."

"माझा व्यवहार झुंबरबाईशी. पोराशी मला नाही जमायचं."

सरकारी मास्तराचं अडकलेलं म्हटल्यावर रामराव मवाळ झाला. "बराबर, बिलकुल बराबर. चालू द्या तिचं. आपलं काय म्हणणं न्हाई." उठला, चार पावलं गेला, आणि मागं वळून आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या भागीला किती येतंय, मास्तर?"

"तुमच्या आशीर्वादानं चाललंय," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा मी कुणाला आकडा सांगितला नव्हता. जीभ आतल्या आत वळवळत होती.

तो गोठ्याकडे गेला तशी झुंबरबाई बाहेर आली. हात लगेच माळांकडे. मी निघायला हवं होतं. ओसरीच्या पायरीपाशी दोनदा गेलो, दोनदा परत आलो.

"झुंबरबाई, आता मी घरचाच झालो. मला तरी सांगा, सुटतं किती?"

तिनं मान वर न करता माळेला गाठ मारली.

"मास्तर, तुमच्या पोटात काय ऱ्हात न्हाई."