ओळ झेलणारे गाव

चोळपुरम् मागे पडले आणि नारळीच्या शेंड्यांमधून एक गोपुर वर आले. ते नीट पाहावे तोवर दुसरे आले, मग तिसरे. कुंभकोणम् एकदम समोर येत नाही. ते असे शेंड्याशेंड्याने दिसू लागते. मला मात्र ते तुकड्यातुकड्यांनीच पाहता आले, कारण माझ्या मांडीवर बेस गिटारची भलीमोठी पेटी आडवी होती. मागची सर्व आसने डेन्झिलच्या ड्रमांनी बळकावली होती.

वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईने पुण्याहून एका रॉक बँडबरोबर टेम्पो ट्रॅव्हलरने तमिळनाडूत यावे, हे वाचकांना विचित्र वाटेल. मलाही अजून वाटते. पन्नाशी उलटल्यावर मी बेस शिकू लागले. चार जाड तारांचे, खर्जात बोलणारे हे वाद्य वाजत असताना कोणाच्या लक्षात येत नाही. थांबले, की काहीतरी हरवल्यासारखे वाटते. माझ्या स्वभावाला ते मानवले. इरा आणि समीर हे माझे जुने विद्यार्थी. ती गाते, तो गिटार वाजवतो. वसईचा डेन्झिल ड्रमवर. बँडचे नाव ‘दगडफूल’. दगडफूल हे फूल नव्हे, असा शास्त्रीय आक्षेप मी नोंदवला होता. तो तिघांनी एकमताने फेटाळला.

‘‘मॅडम, उद्या तुमचं गाणं घेऊ या,’’ पुढच्या आसनावरून मागे वळून इरा म्हणाली.

माझे गाणे म्हणजे मी आयुष्यात लिहिलेले एकमेव गाणे. परतल्यावर आमच्या अल्बमचे ध्वनिमुद्रण होते आणि त्यात एकाच गाण्याची जागा उरली होती. पुदुच्चेरीच्या कार्यक्रमात ते वगळले गेले होते, कारण ते संथ होते आणि तिथल्या श्रोत्यांना मराठी कळत नव्हती.

‘‘इथे मराठी घरं आहेत,’’ इरा पुढे म्हणाली. ‘‘इथे लागलं तर अल्बममध्ये जाईल. नाही लागलं, तर काढू. चालेल?’’

‘‘हो, काढा ना,’’ मी घाईने म्हणाले.

‘‘अहो मॅडम,’’ समीर हसला, ‘‘अजून कुणी काढलंच नाहीये!’’

आमचे यजमान वेंकोबराव यांचे पितळी भांड्यांचे दुकान आहे. मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे आलेल्या घराण्यांपैकी त्यांचे एक. त्यांच्या भाचीने आमची गाणी फोनवर ऐकली होती आणि मामांच्या मागे लागून हे निमंत्रण मिळवले होते. तिघा तरुणांची सोय लॉजवर आणि माझी, वयाचा मान राखून, यजमानांच्या घरी केली होती.

‘‘यावें, यावें,’’ दारात वेंकोबराव म्हणाले. ‘‘आमची मराठी ऐकून हसूं नका हो. येथें येतांना जी आणिली, तीच वापरतों.’’

हसण्याचा प्रश्नच नव्हता. ती मराठी ऐकताना जुन्या पेटीतून काढलेले, घडीच्या खुणा असलेले रेशमी वस्त्र हाताला लागावे तसे वाटत होते. मध्येच एखादा तमिळ शब्द येई आणि तोही त्या वस्त्राच्या काठासारखा शोभून जाई. त्यांच्या पत्नी तुळसाबाई पितळी डबरा-टंबळरमधून (खोलगट वाटी आणि पेला) कॉफी घेऊन आल्या. एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून ती कशी निववायची, हे त्यांनी दाखवले. मी प्रयत्न केला. अर्धी कॉफी माझ्या पदरावर निवली.

‘‘असूं द्या आक्का,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उरलेली तरी प्या.’’

त्या संध्याकाळी तिघे लॉजवर तारा बदलत आणि झोपा काढत होते, तेव्हा वेंकोबरावांच्या घरी भजन होते. दहा-पंधरा माणसे सतरंजीवर दाटीवाटीने बसली होती. पुढे विठ्ठलाची तसबीर, समयी, आणि भजनाचे अग्रणी खुद्द वेंकोबराव. ते एक ओळ म्हणत आणि थांबत. सारी खोली ती ओळ जशीच्या तशी परत म्हणे. मग पुढची. लहान मुलापासून आजोबांपर्यंत गप्प कोणीच नव्हते. मला चारचौघांत गाता येत नाही. बेस मी त्यासाठीच निवडला. मी नुसते ओठ हलवत राहिले.

मध्यंतरात तुळसाबाईंनी मला हळूच सांगितले, ‘‘आमच्यांत ओळ घेतात, आक्का. कोणी गायलें आणि आपण ती घेतली नाहीं, तर गाणाऱ्याचा हात पुढें तसाच राहतो. घरीं आलेल्यास पाणी न देण्यासारखें तें.’’

मी मान डोलावली. ही गोष्ट तिघांना सांगायला हवी, असे मात्र माझ्या मनात आले नाही. भजन वेगळे, आपला कार्यक्रम वेगळा, असे मी गृहीत धरले होते.

सकाळी तिघेही न्याहारीला घरी आले. इडलीबरोबर कडप्पा (मूगडाळ आणि बटाट्याचा, बडीशेपेच्या वासाचा पातळ रस्सा) होता.

‘‘कडप्पा? तो आमच्याकडे ओट्याला बसवतात,’’ डेन्झिल म्हणाला आणि चार इडल्या कडप्प्यात बुडवून संपवल्यावर त्याने ओट्याबद्दलचे सर्व शब्द मागे घेतले.

दुपारी कल्याण मंडपात (लग्नाच्या सभागृहात) गेलो, तर नवाच पेच. मंचभर तांदळाच्या पिठीचे देखणे कोलम् (रांगोळी) घातलेले. बरोबर मधोमध, जिथे ड्रम यायचे, तिथे कमळ. डेन्झिल गुंडाळलेला गालिचा खांद्यावर घेऊन अपराध्यासारखा उभा राहिला.

‘‘मांडा, मांडा,’’ तुळसाबाई म्हणाल्या. ‘‘पाय पडावे म्हणूनच तें घालतों. उद्यां पुन्हा घालूं.’’

पादत्राणे मात्र दारातच काढायची होती. समीर आपल्या गिटारचे आवाज बदलणारी बटणे जाड बुटांनी दाबतो. आता अनवाणी पायांनी दाबताना दर वेळी त्याच्या तोंडून ‘आई गं’ निघू लागले. मला उलट लाभच झाला. मंच लाकडी होता. मी एक खर्ज स्वर छेडला आणि तो तळपायांतून वर चढला. आपण वाजवलेले इतके जवळून मला कधीच ऐकू आले नव्हते.

संध्याकाळी मंडप भरला. तिरुनागेश्वरम्‌हून, पट्टीश्वरम्‌हून मराठी कुटुंबे आली होती. बायकांच्या केसांत मोगरा, पुरुषांच्या खांद्यांवर अंगवस्त्रे. आम्ही आमची नेहमीची, शब्द बुडवून टाकणारी दणदणीत गाणी वाजवली. लोकांनी ती अत्यंत सभ्यपणे सहन केली. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी दोन्ही कानांत बोटे घातली आणि माझी नजर जाताच कान खाजवत असल्याचा अभिनय केला. प्रत्येक गाण्यानंतर नेमस्त टाळ्या पडत. इराच्या कपाळावर घाम होता. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. माझ्या गाण्याची पाळी आली होती.

मी नेहमीप्रमाणे मागे, स्पीकरच्या आडोशाला उभी होते. गाण्याची सुरुवात बेसनेच होते. मी ती सुरावट दोनदा फिरवली आणि इरा गाऊ लागली:

‘उशिरा निघाले मी, अजून उजेड आहे.’

आणि संपूर्ण मंडपातून ती ओळ परत आली.

इरा तोवर दुसऱ्या ओळीत शिरली होती. तिची दुसरी ओळ आणि लोकांची पहिली एकमेकींवर आदळल्या. ती गोंधळून थबकली. तसे लोकही, आपले काही चुकले की काय, म्हणून थबकले. समीरचा हात तारांवरच राहिला. डेन्झिलने काड्या वर धरल्या. माझे गाणे पहिल्याच ओळीत पडले, हे त्या स्तब्धतेत मला अगदी स्पष्ट कळले. आणि हेही कळले, की ते पडलेले नाही. ते त्यांनी घेतले होते. आपला हात आपणच मागे ओढला होता.

माझी बोटे थांबली नव्हती. एवढेच मला येत होते आणि तेवढेच मी करत राहिले. ती सुरावट वाजवत मी स्पीकरच्या आडून निघाले, गालिच्याबाहेर उरलेल्या कमळाच्या पाकळ्या तुडवत मंचाच्या पुढच्या कडेपर्यंत आले. इतक्या पुढे मी कधी आले नव्हते.

‘‘इरा, ते ओळ घेताहेत,’’ मी तिच्या कानाशी म्हणाले. ‘‘त्यांना घेऊ दे. तू थांब, मी फिरवत राहते.’’

‘‘किती वेळ?’’

‘‘ते थांबेपर्यंत.’’

डोळे मिटून तिने पहिली ओळ पुन्हा म्हटली आणि ती थांबली. त्या मोकळ्या जागेत फक्त माझा बेस होता, आणि त्या खर्जावर पाय रोवून मंडपाने ओळ घेतली. शब्द माझे, उच्चार त्यांचे, तमिळ मातीत वाढलेले. वेंकोबरावांनी खिशातून टाळ काढले. रॉकच्या कार्यक्रमाला येतानाही ते खिशात होते! डेन्झिलने ते ऐकले, काड्या खाली ठेवल्या आणि तळहातांनी ताल धरला.

‘हात धर, वाटे, मला तुझी सवय नाही.’

तीही ओळ परत आली. माझ्या तळपायांखाली मंच थरथरत होता आणि त्यातला कोणता थरथराट माझा, कोणता त्यांचा, हे मला सांगता येत नव्हते. वर्गात वर्षानुवर्षे मी बोलले, मुलांनी लिहून घेतले. पण माझे वाक्य कोणी असे सुरात माझ्या हाती परत दिले नव्हते. मला अभिमान वाटला. हा शब्द मी स्वतःबद्दल सहसा वापरत नाही; इथे मात्र दुसरा शोधणे खोटे ठरेल.

गाणे नेहमीच्या दुप्पट चालले. खाली उतरल्यावर इराने वेंकोबरावांना विचारले, ‘‘मामा, कसं वाटलं शेवटचं गाणं?’’

त्यांनी गंभीरपणे विचार केला. ‘‘लहान आहे,’’ ते म्हणाले. ‘‘आणखी दोन ओळी घालाव्या. आणि इतर गाण्यांतला ढोल थोडा कमी.’’

‘‘ऐकलंत मॅडम?’’ इरा म्हणाली. ‘‘दोन ओळी. पुण्याला पोचायच्या आत पाहिजेत मला.’’

तुळसाबाईंनी मात्र माझा कान पकडायचा तेवढा बाकी ठेवला. ‘‘मंचावर एवढ्या पुढें आलांत, आक्का. आणि काल माझ्याशेजारीं बसून नुसते ओठ हलवीत होतांत! मला दिसलें नाहीं म्हणतां?’’

मी स्वतःच कान पकडला.

निघताना त्यांच्या दुकानापाशी थांबलो. समया, घंगाळी, घागरी यांच्या पिवळ्या उजेडात बसून वेंकोबराव माझ्यासाठी एक डबरा-टंबळर वर्तमानपत्रात गुंडाळत होते आणि स्वतःशी काहीतरी गुणगुणत होते. मी कान देऊन ऐकले. ते शब्द नव्हते. ती खर्जातली माझी सुरावट होती, जी वाजत असताना कोणाच्याच लक्षात येत नाही. मी त्यांना काही सांगितले नाही. त्यांची तंद्री मोडली असती.

पुण्याला परतल्यावर ध्वनिमुद्रण झाले. स्टुडिओतल्या तंत्रज्ञाने माझे गाणे तपासताना विचारले, ‘‘प्रत्येक ओळीनंतर एवढी रिकामी जागा का आहे? नुसता बेसच वाजतोय. कापू का?’’

तिघेही माझ्याकडे पाहू लागले. ‘कापा ना’ हे शब्द माझ्या सवयीने माझ्या ओठांपर्यंत आले होते.

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘ती जागा रिकामी नाही. माणसांची आहे.’’

अल्बमची पहिली प्रत मी घरी एकटीने ऐकली, हातात तोच पितळी पेला घेऊन. कॉफी आता मला न सांडता ओतता येते. इराने पहिली ओळ म्हटली आणि ती थांबली. माझा बेस तेवढा पुढे चालत राहिला, कोणाची तरी वाट पाहत. कुंभकोणम् फार दूर होते, आणि इथे ती ओळ घ्यायला माझ्याशिवाय कोणी नव्हते.

मी पेला खाली ठेवला आणि वरच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती घेतली.